पुढच्या दाताचा तुकडा गेलाय – बाँडिंग करावं की कॅप? (नाशिक)

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. रंगपंचमीला धाकटा भाऊ तिवंध्याच्या रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) धप्पा मारायला, म्हणजे उडी घ्यायला गेला आणि गर्दीत कुणाचं तरी कोपर त्याच्या तोंडावर बसलं. वरच्या समोरच्या दोन दातांपैकी डावीकडच्या दाताचा कोपरा तिरका उडालाय, दाताचा साधारण तिसरा हिस्सा गेला. तुकडा रंगाच्या पाण्यात गेला तो गेलाच. रक्त फक्त ओठातून आलं, दातातून नाही. एरवी दुखत नाही, पण गार पाणी लागलं की कळ येते.

तो अशोक स्तंभाजवळच्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, म्हणजे दिवसभर बोलायचं काम. 'स' आणि 'फ' म्हणताना हवा निसटते. पोरं काही बोलत नाहीत, पण हा फळ्याकडे तोंड करूनच शिकवायला लागलाय. ते बघून माझा जीव तुटतो.

दोन डॉक्टरांना दाखवलं. एक म्हणाले कॉम्पोझिट बाँडिंग करू, म्हणजे दाताच्या रंगाचं मटेरियल चिकटवून कोपरा घडवू, एका बैठकीत काम होईल. दुसरे म्हणाले बाँडिंग टिकत नाही, रूट कॅनॉल करून झिर्कोनियाची कॅप बसवा, एकदाची कटकट मिटेल. आई कॅपच्या बाजूने आहे, मला तरणाताठा दात कापायला नको वाटतंय. ज्यांनी बाँडिंग केलंय त्यांनी सांगा: किती टिकलं, रंग बदलला का, खाताना काय सांभाळावं लागतं?

सिडकोकर
बाँडिंगच करा. माझ्या समोरच्या दाताचा टवका कॉलेजात असताना गोल्फ क्लब मैदानावर बॉल लागून उडाला होता. नोकरी लागल्यावर बाँडिंग केलं, त्याला आता सहा वर्षं होतील. मध्ये एकदा कड थोडी झिजली, डॉक्टरांनी त्याच जागी भर घालून दिली, अर्ध्या तासात बाहेर. इंजेक्शनसुद्धा लागलं नव्हतं. कुठला दात केलाय ते बायकोला लग्नानंतर मी सांगितलं तेव्हा कळलं.

द्राक्षबाग
माझा अनुभव उलटा आहे. पुढच्या दोन दातांच्या कडा खालीवर होत्या, त्या सारख्या करायला बाँडिंग केलं. वर्षाच्या आत एकाचा तुकडा निघाला, दुसऱ्याच्या कडेला पिवळी-तपकिरी रेघ दिसायला लागली. परत पैसे, परत खेपा. आमचा हंगाम सुरू झाला की निफाडहून नाशिकला दर महिन्याला कोण येणार? मावसभावाने कॅप बसवली, दहा वर्षं झाली, बघायलाही गेलेला नाही. ताई, आईचं ऐका.

कॉलेजरोड_२२
वाचतेय. माझाही समोरचा दात थोडा चिपलाय.

दंतकथा
मी दंतवैद्य आहे, नाशिकमध्येच प्रॅक्टिस करते. दात न पाहता निदान करता येत नाही, पण प्रश्न नीट विचारलाय म्हणून सविस्तर लिहिते.

पहिला प्रश्न बाँडिंग की कॅप हा नाहीच. पहिला प्रश्न दाताची नस जिवंत आहे का, हा. एक्स-रे काढायचा, गार चाचणी करायची, तुटलेल्या जागी लाल ठिपका किंवा रक्त दिसतं का पाहायचं. गार लागल्यावर कळ येते आणि लगेच जाते, हे बहुतेक वेळा नस जिवंत असल्याचं लक्षण. कळ रेंगाळत असेल किंवा रात्री झोपेतून उठवत असेल तर गोष्ट वेगळी. नस उघडी पडलेली नसेल आणि जिवंत असेल, तर केवळ कॅप बसवायची म्हणून रूट कॅनॉल करायला माझा ठाम विरोध आहे.

कॅप बसवायची तर दात चहूबाजूंनी कोरावा लागतो, साधारण एक ते दोन मिलिमीटर. व्हिनियरला, म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवायच्या पातळ चकतीला, समोरून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. कोरलेलं एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, पुन्हा येत नाही. बाँडिंगमध्ये आपण दातावर भर घालतो, काढत जवळजवळ काहीच नाही. कड थोडी तिरकी करतात, म्हणजे जोड दिसत नाही. पंचविशीतल्या दातावर पुढची पन्नास वर्षं काढायची आहेत. आज कॅप बसवली तर तीही कधीतरी बदलावी लागणार, आणि प्रत्येक बदलात दात थोडा आणखी जातो. बाँडिंगपासून सुरुवात केली तर कॅपचा रस्ता कायम मोकळा असतो. कॅपवरून मागे मात्र येता येत नाही.

आता टिकण्याचं. साधारण चार ते आठ वर्षं धरून चाला. काहींचं दहा जातं, काहींचं दोन वर्षांत निघतं. फरक कशाने पडतो ते पुढच्या प्रतिसादात लिहिते, आत्ता पेशंट आलाय.

मिसळप्रेमी
डॉक्टर, तुम्ही सगळ्यात महत्त्वाचं सांगितलंच नाही. बाँडिंगनंतर मिसळ कधी खाता येते?

दंतकथा
@मिसळप्रेमी, दोन दिवस तर्री बंद! चहा, कॉफी, हळद आणि आपल्या गावची रेड वाइनसुद्धा. कॉम्पोझिट दिव्याखाली लगेच घट्ट होतं, पण पुढचा दिवसभर त्याचं पक्कं होणं चालूच असतं, आणि सुरुवातीला ते पाणी ओढून घेतं. पाण्याबरोबर रंगही आत जातो. नंतर मिसळ खा, फक्त खाल्ल्यावर चूळ भरा.

आता द्राक्षबाग यांच्या दाताचं. मी तो दात पाहिलेला नाही, तेव्हा कुणाला दोष देत नाही. पण कडेला रेघ येणं आणि तुकडा निघणं याची नेहमीची कारणं सांगते. या कामात चिकटवण्याची पायरीच सगळ्यात नाजूक. एनॅमलवर ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडची निळी जेल पंधरा ते तीस सेकंद लावतात, धुतात, वाळवतात. जागा नीट तयार झाली असेल तर तेवढाच भाग खडूसारखा पांढराफटक दिसतो. म्हणजे एनॅमलवर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं पडली. त्यांत पातळ बाँड शिरतो, दिव्याखाली घट्ट होतो आणि त्यावर कॉम्पोझिट बसतं. या मधल्या काळात थुंकीचा एक थेंब किंवा हिरडीचं रक्त लागलं तर पकड गेलीच समजा. म्हणून रबर डॅम लावतात: दातापुरतं भोक असलेला पातळ रबरी पडदा, त्यामुळे दात तेवढा बाहेर आणि ओल आत. पेशंटला गुदमरल्यासारखं वाटतं म्हणून किंवा वेळ वाचवायला तो टाळला जातो. तुम्ही विचारा, 'रबर डॅम लावणार का?' विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

ही युक्ती १९५५ सालची. मायकेल बुओनोकोर नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने पाहिलं की कारखान्यात धातूवर रंग धरावा म्हणून आधी फॉस्फोरिक ॲसिड लावतात. तेच त्याने दातावर करून बघितलं. आज जगभर जे बाँडिंग होतं ते त्या एका कल्पनेवर उभं आहे, आणि मला ही गोष्ट विद्यार्थिदशेपासून फार आवडते.

अंबडएमआयडीसी
अगदी! आमच्याकडे पावडर कोटिंगच्या आधी फॉस्फेटिंगची टाकी असते. जॉबला तेलाचा हात लागला की कोटिंग पापडासारखं सुटतं. दातालाही तोच नियम लागतो हे वाचून बरं वाटलं.

सिडकोकर
रबर डॅमबद्दल अनुमोदन. मला लावला होता, पहिली पाच मिनिटं अवघड गेली, मग सवय झाली. आणखी एक आठवतंय. रंग ठरवायला डॉक्टरांनी मला खिडकीपाशी नेलं आणि नमुन्याचे दात एकेक करून माझ्या दाताशेजारी धरले. दात ओला असतानाच हे करायचं असतं म्हणाले, कारण तोंड उघडं राहून वाळला की तो पांढरा दिसतो आणि मग रंग चुकतो. शेवटी मला आरसा दिला तेव्हा माझा दात खरंच पांढुरका आणि बाँडिंग गडद दिसत होतं, मी घाबरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं एकरंग.

आजी_पंचवटी
मी जुन्या काळची. आमच्यात पुढच्या दातांत फट असलेली मुलगी नशीबवान मानायचे. आता नातीला फट बुजवायचीय. एकविसावं लागलंय, चेहरा असा गोड, हसली की फट दिसते ती मला तिच्या पणजीची आठवण करून देते. दात किडला, तुटला तर औषधपाणी करावं, पण देवाने दिलेलं रूप का बदलायचं? गोदाकाठच्या ताईंच्या भावाचं निराळं आहे, त्याला बोलायला अडचण होतेय.

कॉलेजरोड_२२
आजी, तुमचं प्रेम कळतं. पण दिवसभर दात लपवून हसायचं काय असतं ते ज्याचं त्यालाच माहीत. मी शाळेपासून फोटोत ओठ मिटून उभी राहते. नातीला विचारा, तिला खरंच हवंय का. हवं असेल तर करू द्या.

दंतकथा
@आजी, नमस्कार. दोघींचंही मनाला लागलं. फट असणं हा आजार नाही आणि मी स्वतःहून कुणाला ती बुजवा म्हणत नाही. नातीला हवीच असेल तर एवढं पाहा: फट मोठी असेल तर नुसत्या बाँडिंगने दोन्ही दात रुंद, चौकोनी दिसतात. अशा वेळी आधी तारा किंवा अलाइनर (दातांवर बसणारे पारदर्शक साचे) लावून दात जागेवर आणायचे, मग गरज वाटली तरच थोडं बाँडिंग. आणि फट नव्याने पडली असेल किंवा वाढत असेल तर हिरड्या तपासून घ्या, तिथे हाड झिजत असू शकतं.

आजी_पंचवटी
बरं झालं सांगितलंत. तिची फट लहानपणापासून आहे तेवढीच आहे. तिच्याशी बोलते.

देवळालीची_आई
थोडा वेगळा प्रश्न. माझा मुलगा नऊ वर्षांचा, सायकलवरून पडून पुढच्या पक्क्या दाताचा कोपरा गेलाय. तुकडा सापडला, रुमालात बांधून ठेवलाय. त्याचा काही उपयोग?

दंतकथा
@देवळालीची_आई, रुमालातून काढा आणि आत्ताच स्वच्छ पाण्यात ठेवा. तुकडा नीट जुळत असेल तर तोच परत चिकटवता येतो. रंग, चमक, आकार सगळं त्याचं स्वतःचं. वाळलेला तुकडा पांढुरका पडतो, म्हणून आधी भिजवून घेतात. उद्याच दाखवा. नवव्या वर्षी दाताचं मूळ पूर्ण तयार झालेलं नसतं आणि नस मोठी असते, तेव्हा कॅप किंवा व्हिनियर असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. या वयात तुकडा चिकटवणं किंवा बाँडिंग, दोनच रस्ते.

सगळ्या आईबाबांसाठी: पक्का दात अख्खा मुळासकट निघाला तर मुळाला हात लावू नका. वरच्या पांढऱ्या भागाला धरून दुधात किंवा वाहत्या पाण्यात अलगद धुवा, जमलं तर त्याच खळगीत बसवा आणि स्वच्छ रुमालावर दात दाबून ठेवायला सांगा. नाही जमलं तर कपभर दुधात टाका आणि अर्ध्या तासात दवाखाना गाठा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

सातपूरचा_राजू
हा प्रतिसाद शाळांच्या फलकावर लागला पाहिजे. वाचनखूण साठवली.

वऱ्हाडातून_नाशकात
माझं मूळ यवतमाळ जिल्ह्यातलं. लहानपणी बोअरचं पाणी प्यायलो, फ्लोराइडमुळे दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत. गावात निम्म्या लोकांचे असेच दात, तिथे कुणाला काही वाटत नाही. इथे ऑफिसात एकाने 'तंबाखू सोड' म्हणून सल्ला दिला. आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही. बाँडिंगने पट्टे झाकता येतील का?

दंतकथा
वाईट वाटलं वाचून. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. दात तयार होत असताना त्याहून जास्त गेलं की एनॅमल असं डागाळतं. यात तुमचा आणि तुमच्या ब्रशचा काही संबंध नाही.

डाग वरवरचे असतील तर आधी मायक्रोअब्रेजन, म्हणजे वरचा अगदी पातळ थर घासून काढणं, आणि ब्लीचिंग. त्यावरही उरले तर बाँडिंगने झाकता येतात. दोन गोष्टी आधीच ऐकून ठेवा. फ्लोरोसिसच्या एनॅमलवर ॲसिड नेहमीसारखं काम करत नाही, डॉक्टरला जास्त काळजी घ्यावी लागते. आणि ब्लीचिंग कायम बाँडिंगच्या आधी, मध्ये दोन आठवडे जाऊ द्यायचे, नाहीतर पकड कच्ची राहते. उलटा क्रम केला तर दात उजळतो, कॉम्पोझिट आहे त्याच रंगाचं राहतं.

द्राक्षबाग
डॉक्टर, तुमचं वाचून आठवलं. माझ्या वेळी रबरी पडदा लावला नव्हता, कापूस कोंबला होता आणि तो मध्येच भिजला म्हणून बदलला होता. शिवाय घरचे म्हणतात मी झोपेत दात खातो. त्याने फरक पडतो का?

दंतकथा
फार पडतो! कॉम्पोझिट त्या घर्षणाला टिकत नाही. रात्री घालायचा नाइट गार्ड करून घ्या, मग परत बाँडिंगचा विचार करा. दात खाणाऱ्याची कॅपसुद्धा तडकते. तुमच्या मावसभावाची टिकली याचा आनंद आहे, पण दहा वर्षं 'बघायलाही गेलेला नाही' हे मला खटकतंय. कॅपच्या कडेखाली कीड लागली तर बाहेरून दिसत नाही. त्यांना एक एक्स-रे काढायला सांगा.

हुरडापार्टी
अवांतर: बाँडिंग झाल्यावर ऊस दाताने सोलता येतो का? आमच्याकडे पाहुण्यांना ऊस दिला की सोलून मागणं कमीपणाचं समजतात.

सिडकोकर
पुढच्या दाताने ऊस, कडक पेरू, चिक्की, दोऱ्याची गाठ, थैलीचं टोक, सगळं बंद. सफरचंदसुद्धा मी फोडी करून खातो. त्रास काही नाही, सवय लागते.

गोदाकाठची
एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल सगळ्यांचे आभार. भावाला अख्खा धागा वाचायला दिला. खर्चाचा अंदाज कुणी देईल का? आम्हाला बाँडिंगचे तीन हजार सांगितलेत, रूट कॅनॉल आणि कॅपचे मिळून त्याच्या पाचपट.

सातपूरचा_राजू
माझ्या बहिणीचं गेल्या वर्षी इंदिरानगरमध्ये अडीच हजारांत झालं, एक दात. पैशाची ओढाताण असेल तर पंचवटीत केबीएच डेंटल कॉलेजचं हॉस्पिटल आहे. तिथे विद्यार्थी काम करतात आणि शिकवणारे डॉक्टर पायरीपायरीवर तपासतात. वेळ जास्त लागतो, खर्च बराच कमी. माझ्या वडिलांची कवळी तिथलीच, चार माणसांत मिरवतात.

दंतकथा
राजू यांच्याशी सहमत. पुढच्या दाताचं कोपऱ्याचं बाँडिंग हे खरं तर हाताचं कसब आहे. थर दोन मिलिमीटरपेक्षा जाड लावायचा नाही, कारण घट्ट होताना कॉम्पोझिट आकसतं. आतला थर गढूळ रंगाचा, कडेचा थर पारदर्शक, तेव्हा कुठे खऱ्या दातासारखं दिसतं. घाईचं काम नाही. डॉक्टर निवडताना त्यांनी स्वतः केलेल्या कामाचे आधी-नंतरचे फोटो मागा, ज्यांना कामाची आवड आहे ते आनंदाने दाखवतात.

गोदाकाठची
अपडेट देते. पहिल्या डॉक्टरांकडेच परत गेलो. एक्स-रे आणि गार चाचणी केली, नस जिवंत आहे. रबर डॅमचं मी विचारलं तर म्हणाले, 'लावणारच होतो, पण तुम्ही विचारलंत हे आवडलं.' दीड तास लागला. मला आत बसू दिलं. निळी जेल धुतल्यावर तुटलेली कड खरंच खडूसारखी दिसली. मग पातळ पातळ थर, प्रत्येक थरावर निळा दिवा वीस सेकंद, डॉक्टरांच्या हातात नारिंगी काच. शेवटी रंगीत कागद चावायला देऊन जिथे ठिपका जास्त उमटला तिथे थोडं घासलं, आणि बारीक चकत्यांनी इतका वेळ पॉलिश केलं की भाऊ जिभेने चाचपून म्हणाला, 'जोड कुठंय?'

आईने घरी आल्यावर त्याला तोंड उघडायला लावून खिडकीत नेऊन पाहिलं, तिला तुटलेला दात ओळखता आला नाही. सोमवारी क्लासला गेला. पहिल्याच तासाला 'सरासरी' आणि 'स्थितिज' नीट म्हणता आलं म्हणून मला लगेच फोन!

डॉक्टर, एक विचारायचं राहिलं. आता परत कधी दाखवायचं?

दंतकथा
मनापासून आनंद झाला. दात छान दिसतोय म्हणून तपासणी सोडू नका. मार लागलेल्या दाताची नस काही वेळा महिन्यांनंतरही मरते. त्यामुळे सहा ते आठ आठवड्यांनी एकदा आणि वर्षाने एकदा गार चाचणी आणि एक्स-रे कराच. मधल्या काळात दात राखाडी दिसायला लागला, हिरडीवर पुळी आली किंवा चावताना दुखलं तर वाट न पाहता जा. तेव्हा रूट कॅनॉल लागलं तर ते योग्य कारणासाठी असेल, आणि तेही मागच्या बाजूने करता येतं, पुढचं बाँडिंग तसंच राहतं. बाकी मऊ ब्रश, कोळशाची आणि खरखरीत पावडर बंद, वर्षातून एकदा पॉलिश. आणि पुढच्या रंगपंचमीला धप्पा मारायचाच असेल तर आधी माउथगार्ड करून घ्यायला सांगा, दाताचं माप घेऊन दोन-चार दिवसांत मिळतो.